साखर उतरली त्या दुपारचा रस्ता

पोंभुर्ण्याहून आमच्या मूल गावाला येणारा रस्ता मला पाठ आहे. कुठे डांबर उखडलंय, कुठल्या वळणावर गुरं बसलेली असतात, कुठल्या पुलावर समोरच्याला आधी जाऊ द्यावं लागतं, सगळं माहीत आहे. तरी काही वर्षांपूर्वीच्या एका दुपारी त्या रस्त्याचा एक तुकडा माझ्या डोक्यातून गेला, तो आजपर्यंत परत आलेला नाही. त्यावरून गाडी मीच चालवली होती. गाडी माझी होती आणि किल्ली माझ्या हातात होती, एवढ्यावरूनच हे म्हणते आहे.

मी तेव्हा अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. पोंभुर्णा तालुक्यातली बरीच गावं माझ्याकडे होती. आतल्या गावांत बस सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, त्यामुळे बसने गेलं की एका गावातच दिवस जायचा. म्हणून चाळिशी उलटल्यावर मी गाडी शिकले आणि एक जुनी पांढरी गाडी घेतली. घरात गाडी चालवणारी मी एकटीच. नवरा शाळेत मास्तर. त्यांना मोटारसायकलच्या पुढे काही झेपत नाही आणि ते तसं सरळ सांगतातही.

साखरेचा आजार गाडीच्याही आधीपासूनचा. आधी गोळ्या होत्या, मग सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन सुरू झालं. पोटाला सुई टोचायची आणि वेळेवर जेवायचं, एवढं सांभाळलं की मला काही आजार आहे हे मी विसरूनही जायची. साखर उतरायला लागली की पूर्वी मला लगेच कळायचं. हात थरथरायचे, कपाळाला घाम यायचा, ओठांभोवती मुंग्या यायच्या. पर्समधल्या लिमलेटच्या गोळ्या तोंडात टाकायच्या, जरा बसायचं, की झालं. ही खूण पुढे पुढे कमी होत जाते, कधी कधी येतच नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी शेवटच्या गावात मुलांची वजनं घ्यायची होती. मोहफुलांचे दिवस. पहाटेपासून बाया फुलं वेचायला रानात, त्यामुळे पोरं जमायलाच उशीर झाला. कोणी झोपलेलं, कोणी रडतंय, काटा एकदा अडकला. अंगणवाडीच्या सेविकेने दोनदा विचारलं.

"म्याडम, थोडीशी खिचडी खाता का? गरम हाये."

"नको, डबा आहे गाडीत. निघताना खाते."

"मंग चहा तरी घ्या. बिनसाखरेचा ठेवते."

मी चहा घेतला. डब्यात दोन पोळ्या आणि वांग्याची भाजी होती. ऊन कडक झालं होतं. गाडीत बसून खाण्यापेक्षा पुढे एखादं झाड बघून खावं, असा विचार करून मी गाडी सुरू केली. गावाबाहेरच्या हापशीवर एक बाई घागर भरत होती, तिच्या बाजूला तपकिरी कुत्रं पाणी चाटत होतं. हे मला अगदी स्वच्छ आठवतं. कुत्र्याचा एक कान कापलेला होता.

त्यापुढचं आठवतं ते तलावाचं पाणी.

शुद्धीवर आले असं म्हणता येत नाही, कारण मी पडले नव्हते. मी नीट बसले होते, दोन्ही हात मांडीवर, उजव्या हातात किल्ली. समोर तलावाची पाळ, पाण्यात वाळलेली झाडं, एका खांबावर टांगलेलं जाळं. मी बराच वेळ ते जाळं पाहत होते आणि त्याला काय म्हणतात ते मला सुचत नव्हतं. मग सुचलं. मग पाणी, झाड, गाडी असे एकेक शब्द येत गेले. तोंडात काहीतरी गोड होतं, दाताला चिकटणारं. बाजूच्या सीटवर वाळलेली मोहफुलं सांडली होती. गाडीभर त्यांचा दारूसारखा वास.

काचेवर कोणीतरी टकटक केलं. खांद्यावर जाळं घेतलेला एक माणूस होता.

"बाई, कोणाकडे आल्या?"

मी म्हणाले, "मूल कुठे आहे?"

त्याला वाटलं मी लेकराबद्दल विचारते आहे. "कोणाचं मूल?"

"मूल गाव. मूलचा रस्ता."

"तो तिकडे राह्यला ना. तुमी लय आत आल्या." त्याने मागे हात केला. "हा रस्ता इथीच संपते."

"तुम्ही मला येताना पाहिलं का?"

"नाई जी. मी आत्ताच आलो. तुमी तर आधीच बसून होत्या." तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला, नाकाने जरा वास घेतल्यासारखं केलं आणि दोन पावलं मागे सरकला.

मी साखर मोजायचं मीटर काढलं, बोटाला टोचलं. साखर कमी होती, पण इतकी नाही की माणसाला स्वतःच्या तालुक्याचं गाव आठवू नये. म्हणजे आधी ती याहूनही खाली गेली होती आणि मधे कशाने तरी वर आली होती. कशाने? ही फुलं कोणाची? मी लिमलेटच्या गोळ्या खाल्ल्या, डबा उघडून दोन्ही पोळ्या संपवल्या, पुन्हा टोचून पाहिलं. ठीक. मग खाली उतरून गाडीला एक चक्कर मारली. पुढच्या बंपरला हात लावून पाहिला, चाकांजवळ वाकून पाहिलं. ओरखडा नाही, रक्त नाही, काही नाही. तरी मी दुसरी चक्कर मारली. आपण काय शोधतोय हे मला ठाऊक होतं आणि ते मनातही उच्चारवत नव्हतं.

घरी कशी आले ते आठवतं, कारण मी बैलगाडीच्या चालीने आले आणि सगळे हॉर्न वाजवत पुढे जात होते.

नवरा ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. मी जवळून आत गेले आणि ते उठले.

"मोहाचा वास येऊन राह्यला वं तुझ्या अंगाले."

"हो."

"कुठी गेली होती?"

"माहीत नाही."

हे उत्तर ऐकून त्यांचा चेहरा कसा झाला ते मी विसरणार नाही. चिडावं, हसावं की घाबरावं हे त्यांना समजत नव्हतं. मी खाली बसले आणि हापशी, कुत्रं, तलाव, जाळेवाला सगळं सांगितलं. मधला भाग सांगता येईना, तेव्हा ते सारखे तिथेच यायचे.

"पण वळली कशी तू? तिकडे वळायले तर मुद्दाम वळा लागते."

"मला नाही माहीत."

"कोणी बसलं होतं का गाडीत?"

"मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का?"

त्यांनी किल्ली उचलून देवघरात ठेवली. ती तिथे तीन आठवडे तरी राहिली.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकलं. असं होतं, म्हणाले. मेंदूला साखर कमी पडली की माणूस सवयीची कामं करत राहतो. चालतो, बोलतो, गाडीसुद्धा चालवतो. पुढे आठवत नाही. मी विचारलं, "पण मी सवयीच्या रस्त्याने गेलेच नाही ना. मी तर कधीही न गेलेल्या तलावावर गेले." त्यावर ते म्हणाले, हे त्यांना सांगता येणार नाही.

त्यांनी सकाळचं इन्सुलिन कमी केलं. गाडीत बसण्याआधी तपासायचं, लांब जायचं असेल तर मधे थांबून तपासायचं, साखर उतरलेली दिसली तर गाडी बाजूला घेऊन बंद करायची, ग्लुकोजचं पाणी प्यायचं, पुन्हा तपासायचं आणि बरं वाटलं म्हणून लगेच निघायचं नाही. डोकं ताळ्यावर यायला आकड्यापेक्षा जास्त वेळ लागतो, असं ते म्हणाले. काही आठवडे गाडी चालवूच नका, हेही म्हणाले. मी सगळं मान्य केलं. मला ते अवघड वाटलं नाही. अवघड होतं ते पुढे सुरू झालं.

बसने गावं करता करता एप्रिल लागला. अर्धी गावं राहून जात होती. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर किल्ली देवघरातून काढली, तपासलं, आकडा चांगला होता, आणि मी निघाले. मूलच्या बाहेर पडले नाही तोच हातांना घाम फुटला. कपाळालाही. छाती धडधडायला लागली. मी गाडी बाजूला घेतली, टोचलं. आकडा घरी होता तेवढाच. पाणी प्यायले, निघाले. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा तेच. पुन्हा टोचलं. पुन्हा ठीक.

आता चंद्रपूरकडच्या एप्रिलमध्ये घाम कोणाला येत नाही? रस्त्यावरच्या बैलालाही येतो. थरथर म्हणाल तर ती भीतीनेही होते. साखर उतरली की जे होतं तेच भीतीने होतं, अगदी तेच, आणि मला त्यातला फरक कळेना. टोचल्याशिवाय कळायचं नाही आणि टोचलं की दहा मिनिटांनी वाटायचं, आता उतरली असेल. एकदा तर उन्हात मीटरच बंद पडलं. आकड्याच्या जागी तापमापीचं चित्र दाखवायला लागलं. ते गार होईपर्यंत मी सागाच्या झाडाखाली बसून ग्लुकोजची अर्धी पुडी संपवली, उतरली असेल या धाकाने. घरी आल्यावर साखर इतकी चढली होती की रात्रभर तहान तहान झाली.

पुढे हेच होऊ लागलं. निघताना एक बिस्कीट जास्त, वाटेत एक केळं जास्त, धोका नको म्हणून गोळी तोंडातच. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "बाई, तुमची साखर आता दुसऱ्या टोकाला गेली आहे." त्यांनी दंडावर चिकटवायचं एक यंत्र लावून पाहू म्हटलं, ते सतत साखर दाखवतं. पंधरवडाभर लावलं. ते आकड्याबरोबर साखर चढतेय की उतरतेय त्याचा बाणही दाखवायचं. आकडा छान असायचा आणि बाण खाली. मी त्या बाणाकडे बघत बघत गाडी चालवायची, म्हणजे रस्त्याकडे कमीच. नवऱ्यांनीच ते काढायला लावलं.

"तू आजारानं नाई, त्या बाणानं ठोकशील कोठी तरी," ते म्हणाले.

आणि या सगळ्यात ती फुलं. त्यांचा विचार डोक्यातून जायचा नाही. फुलं मी फेकून दिली होती, सीट पुसली होती. पण काच बंद करून गाडी उन्हात राहिली की वास यायचा. कोणीतरी माझ्या गाडीत बसलं होतं. ते कोण, कुठे उतरलं, मी त्याच्याशी काय बोलले? त्याला घरी नीट पोचता आलं का?

एक दिवस फोन आला. एका बाईचा आवाज.

"म्याडम, आमची सासू वाट पाहून राह्यली. तुमी येतो म्हणल्या होत्या ना तिले न्यायले."

"कोण सासू?"

"अवो, तुमी तिले गाडीत बसवून आणलं नव्हतं का? मोहफुलं घेऊन होती ते. तुमी म्हणल्या, चंद्रपूरच्या दवाखान्यात डोळे दाखवून आणतो. रोज विचारते, बाई काऊन आली नाई म्हून. तुमी अंगणवाडीच्या बाई म्हणून सांगतलं होतं तिले, मंग अंगणवाडीतून तुमचा नंबर घेतला."

मी गावाचं नाव विचारून घेतलं. मग म्हणाले, "येते. रविवारी येते."

रविवारी नवरा सोबत आले. गाडी मीच चालवली. ते बाजूला बसून सारखे माझ्याकडे बघत होते आणि मधून मधून विचारत होते. "सतरा साते किती?" मी सांगायची. "आज वार कोणता?" सांगायची. "आपल्या लग्नात घोडी कोणी आणली होती?" ते मला तसंही आठवत नव्हतं, पण ते घाबरले म्हणून गाडी थांबवून टोचावं लागलं.

गाव तलावाच्या पाळीमागेच होतं. थोडी धानाची शेती आणि तलावातली मासोळी, यावर जगणारी दहा-वीस घरं. अंगणात जाळी वाळत होती. मुलगा तेलंगणात मिरची तोडायला गेला होता, घरी सून आणि सासू दोघीच. सासू खाटेवर बसलेली. वाळकीशी, पांढरे केस घट्ट बांधलेले. मी "आजी" म्हटलं तशी ती आवाजाच्या दिशेने वळली.

"आली का वं माय! मी म्हणलं, विसरली."

मी तिच्याजवळ खाटेवर बसले. तिने माझा हात हातात घेतला तो सोडलाच नाही. मी म्हणाले, "आजी, त्या दिवशी मला बरं नव्हतं. मला काहीच आठवत नाही. तुम्ही मला पहिल्यापासून सांगा."

तिला नवल वाटलं, पण तिने सांगितलं. ती लेकीकडून येत होती. बस चुकली म्हणून रस्त्याच्या कडेला गाठोडं घेऊन बसली होती. गाडी थांबली.

"मी थांबवली की तुम्ही हात केला?"

"मी कायले हात करू? तूच थांबली. म्हणली, बस आत्या, सोडून देतो."

मला आत्या नाही. होती, मी लहान असताना गेली. हे मी तिला सांगितलं नाही.

"मग?"

"मंग तू बम बोलली. तुह्या बापाच्या बैलाचं सांगतलं. गाणं म्हणली थोडकसं."

नवऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गात नाही. घरात कोणी कधी ऐकलेलं नाही.

"आणि डोळ्याचं मी म्हणाले?"

"तूच. म्हणली, इतकं धुंदूर दिसते त दाखवत काऊन नाई? मी नेतो तुले. मी म्हणलं, नेजो माय. मंग तू हळूहळू बोलेचीच नाई. मी विचारे, त नुसती हसे. गाडी खडखड वाजाले लागली. मी म्हणलं, वं, हे सडक नोहे. मले भेव वाटला. मी म्हणलं, थांबव. तू थांबवली, आन् लेकरावानी म्हणली, भूक लागली. मी गाठोडं सोडलं, मूठभर फुलं देल्ली. खाल्ली. अजून माग, अजून खाय."

"आणि तुम्ही?"

"मी उतरली, पाळीवरून घरी आली. इथीच त आहे." तिने माझा हात थोपटला. "राग नको येऊ देजो. मले वाटलं, बाई पिऊन हाये. म्हणलं, नशा उतरली का जाईन आपल्या घरी."

सून मधेच म्हणाली, "अन् पिलेल्या माणसाले मोह चारला बुढीनं!" आणि तोंडाला पदर लावून हसली. नवराही हसले. मलाही हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. नशेत आहे असं वाटूनही या बाईने मला खायला दिलं होतं आणि तेवढ्याच कारणाने मी आज इथे बसले होते. तिला ते माहीत नव्हतं. मी समजावून सांगितलं, साखर, इन्सुलिन, सगळं. ती मान हलवत राहिली. कितपत पटलं कोण जाणे.

मग मला विचारायचं होतं ते विचारलं. त्यासाठीच मी आले होते.

"आजी, गाडी मी कशी चालवत होते? बाजूने चालवत होते की मधून? समोरून काही आलं का? कोणाला लागलं तर नाही?"

"मले काय दिसते माय?" ती म्हणाली. "हॉर्न वाजला होता एकडाव. लय मोठा. मंग काई नाई."

"कोणाचा हॉर्न? आपला?"

"आता ते काय सांगू. वाजला एवढं खरं."

सून म्हणाली, "पण आत्याबाई, त्या दिवशी त तुमी म्हणल्या होत्या, बाईनं बरोब्बर आणून सोडलं म्हून. भेव लागल्याचं त आज सांगून राह्यल्या."

"दोन्ही खरं हाये," म्हातारी म्हणाली.

मी आणखी विचारायचा प्रयत्न केला, पण तिच्याकडे आणखी काही नव्हतं. माझ्या त्या अर्ध्या-पाऊण तासाची एकच साक्षीदार, आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यानंतर मी त्या रस्त्यावरच्या दोन-तीन गावांत सहज विचारल्यासारखं विचारलंही, मागे कुणाला गाडीचा धक्का वगैरे लागला होता का. कोणाला नव्हता. तेवढ्यावर मन निवायला हवं होतं. कधी निवतं, कधी नाही.

चंद्रपूरला नेण्याचा दिवस ठरला. नवरा म्हणाले, भाड्याची गाडी करू. मी नाही म्हटलं. का म्हटलं ते मला नीट सांगता येत नाही. शब्द मी दिला होता, पण तो देणारी मी होते की नाही तेच कळत नव्हतं, आणि म्हणूनच तो पाळावासा वाटत होता. निघताना तपासलं, चांगलं होतं. म्हातारी मागे सुनेबरोबर, नवरा बाजूला. जंगल सुरू झालं आणि माझे हात ओले झाले. स्टिअरिंग निसटेल असं वाटायला लागलं. मी गाडी कडेला घेतली.

"काऊन थांबली वं?" मागून आवाज आला.

"तपासते."

आकडा चांगला होता. थोडा वेळ थांबून पुन्हा तपासलं. तेवढाच. थरथर मात्र जाईना. सुनेने पाण्याची बाटली पुढे केली. तेव्हा मला एक गोष्ट सुचली, ती मी आजही धड पकडू शकलेली नाही. त्या दुपारी मला भीती वाटलीच नव्हती. गात होते, हसत होते. ज्या दिवशी खरोखर धोका होता त्या दिवशी मी खुशीत होते आणि आज आकडा चांगला असताना लटपटत होते. मग भीती वाटते आहे म्हणजे मी भानावर आहे, असं समजायचं का? मी ते नवऱ्यांना बोलून दाखवलं.

ते विचार करून म्हणाले, "पण साखर उतरली का भेवही वाटते, असं डॉक्टर म्हणले होते ना?"

म्हणाले होते. म्हणजे त्यावरही भरवसा ठेवायची सोय नाही.

मी हात पदराला पुसले आणि गाडी सुरू केली. भीती गेली नव्हती, तिला घेऊनच गेले. समोरून कोळशाचे ट्रक येत होते, प्रत्येक ट्रकला मी डावीकडे इतकी सरकायची की चाक मातीत जायचं. म्हातारी मागे झोपी गेली. चंद्रपूरला पोचलो तेव्हा माझी पाठ ओलीचिंब होती आणि साखर अगदी हवी तेवढी.

तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पावसाळा संपल्यावर दुसऱ्याचं. पहिली पट्टी काढल्यानंतर काही दिवसांनी मी भेटायला गेले. ती अंगणात टोपलीतली मासोळी साफ करत होती. मान वर करून तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"कोण होय वं?" तिने सुनेला विचारलं.

"अवो, मूलच्या बाई. गाडीवाल्या."

"नाई. ते बाई तरणी होती."

"आत्याबाई, तवा तुमाले दिसेचं कुठी?"

"आवाजावरून सांगून राह्यली मी. तिचा आवाज तरणा होता." मग तिने माझा हात ओढून खाली बसवलं, खवले लागलेल्या हातानेच. "हातही तो नोहे," ती म्हणाली. "पण बस. चहा पेऊन जा."

मी बसले. सुनेने चहा ठेवला. चहात साखर घालू नको हे माझ्या ओठांवर आलं आणि मी थांबले. पर्समधून मीटर काढलं, बोटाला टोचलं, आणि आकडा यायची वाट बघत त्या दोघींच्या मधे बसून राहिले.

"किती?" सुनेने विचारलं.

"कमी आहे जरा," मी म्हणाले. मला काहीच जाणवलं नव्हतं. घाम नाही, थरथर नाही, काही नाही. "घाल साखर. दोन चमचे घाल."

मी चहा प्यायले, वर दोन बिस्किटं खाल्ली. मग नवऱ्यांना फोन करून सांगितलं की यायला उशीर होईल, काळजी करू नका. पलीकडून ते म्हणाले, "सतरा साते किती?"

"एकशे एकोणीस," मी म्हणाले.

ते म्हणाले, "तरी थांब घटकाभर."

मी थांबले. म्हातारीने एक पाट माझ्याकडे सरकवला आणि एक मासोळी माझ्या हातात दिली. खवले कसे काढायचे ते मला येत नव्हतं, म्हणून ती दाखवत बसली.